इग्वाना हातावर येईल, पण आधी त्याला ऊब दे

तुझा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोन महिन्यांपूर्वी पुण्याहून हिरव्या इग्वानाचं, म्हणजे एका मोठ्या सरड्याचं, पिल्लू आणलंस, शेपटीसकट दीड फुटाचं. हात आत घातला की ते अंग फुगवतं, शेपटीचे फटके मारतं, निसटलं की थेट पडद्याच्या दांडीवर जाऊन बसतं. आज्जी त्या खोलीत पाऊल टाकत नाहीत. ओळखीच्या कुणीतरी सांगितलंय की जाड हातमोजे घाल आणि रोज तासभर घट्ट धरून ठेव, आठवड्यात गार पडेल. हे करू का, त्याला माझा लळा लागेल का आणि खांद्यावर घेऊन कोल्हापुरात रंकाळा तलावावर कधी नेता येईल, हे तू विचारलंयस.

हातमोज्यांचा उद्योग आजच थांबव. त्याने इग्वाना गार पडतो हे खरं आहे, पण ते माणसाळणं नव्हे. तेवढं एक नीट समजलं की बाकीचं सगळं तुला आपोआप सुचत जाईल, म्हणून त्यावर जरा जास्त लिहिते.

हिरवा इग्वाना मूळचा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, नदीकाठच्या झाडांवर राहणारा. पाला खातो, कुणाची शिकार करत नाही. त्याची शिकार मात्र सगळे करतात, आणि त्यातले बरेच आकाशातून येतात. म्हणून त्याच्या डोक्याच्या वरच्या बाजूला, दोन डोळ्यांच्या मागे मध्यभागी एक फिकट, गोल खवला असतो. तो त्याचा तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. वरून सावली पडली की विचार करायला वेळच नसतो, शरीर पळायला सुटतं. आता तू पिंजऱ्याचं झाकण वरून उघडतोस, वरून हात घालतोस आणि पाठीवरून पकडतोस. त्याच्या दृष्टीने रोज एक घार त्याला उचलते आणि तासभर पंजात धरून ठेवते. त्याने फटके मारले नसते तर मला जास्त काळजी वाटली असती.

घट्ट धरल्यावर काही दिवसांनी तो धडपड सोडतो. डोळे मिटून घेतो, अंग सैल टाकतो. लोक व्हिडिओ काढतात, बघा किती लाडात आलाय. इग्वाना हातात असताना डोळे मिटतो तेव्हा बहुतेक वेळा तो समोरचं जग बंद करत असतो. पळता येत नाही, लढता येत नाही, मग निदान बघायचं तरी नको. मिशेल कॅबनॅक या शास्त्रज्ञाच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सरड्यांना अगदी हळुवार हातात घेतलं तरी त्यांच्या हृदयाचे ठोके वाढले. बेडकांचे वाढले नाहीत. म्हणजे बाहेरून निवांत दिसणाऱ्या सरड्याच्या आत काय चाललंय हे नुसतं बघून कळेलच असं नाही. म्हणून मी डोळ्यांकडे, श्वासाकडे आणि पायांकडे बघायला शिकवते. डोळे उघडे, श्वास संथ, पुढचे पाय अंगाखाली नैसर्गिक टेकलेले असतील तर तो निवांत आहे. डोळे मिटलेले, पोट भराभर हलतंय, नखं कापडात रुतलेली असतील तर तो घाबरलेला आहे, मग तो कितीही शांत बसलेला असो.

दुसरा फसवा शांतपणा थंडीचा. कोल्हापुरात हा मी दर हिवाळ्यात बघते. मागे एकदा जानेवारीत कसबा बावड्यातला एक मुलगा बुटाच्या खोक्यात इग्वाना घेऊन घरी आला. म्हणाला, ताई, दिवाळीपर्यंत चावायला यायचा, आता बघा कसा गुणी झालाय. अंगाला हात लावला तर गार. रंग मळकट तपकिरी, पाय उचलून ठेवला तर तिथेच राहत होता. आम्ही त्याला दिव्याखाली फांदीवर ठेवला आणि चहा घेत बसलो. आधी पाठीवरचा रंग बदलायला लागला, मग मान वर आली, मग त्याने जीभ बाहेर काढून फांदी चाटली. तासाभराने मालकाने कौतुकाने हात पुढे केला तेव्हा शेपूट इतक्या जोरात आली की त्याच्या मनगटावर वळ उठला. तो मुलगा हिरमुसला. मला मात्र बरं वाटलं, कारण जनावर जिवंत, जागं आणि स्वतःच्या मर्जीचं झालं होतं. काम तिथून सुरू होतं.

इग्वानाचं रक्त बाहेरच्या उबेवर चालतं. आपल्याकडे जानेवारीत पहाटे पारा पंधराच्या आसपास येतो आणि जुलै-ऑगस्टच्या झडीत दिवसाही पंचवीस-सव्वीसच्या वर फारसा जात नाही. त्याला दिवसा बसायच्या जागी ३५ ते ३७ अंश सेल्सिअस, पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला २६ ते २८ आणि रात्री २२ च्या खाली नको. ही ऊब नसेल तर पाला पचत नाही, कारण त्याच्या मोठ्या आतड्यातले जिवाणू तो पाला आंबवतात आणि त्यांनाही ऊब लागते. पोट बिघडलेला, अंग आखडलेला प्राणी तुझ्याशी ओळख काय करून घेणार?

तिसरा फसवा शांतपणा आजाराचा, आणि तो सगळ्यात वाईट. कॅल्शियम आणि उन्हातले यूव्हीबी (अतिनील) किरण कमी पडले की हाडं मऊ पडतात. खालचा जबडा रबरासारखा लवचीक होतो, मांड्या सुजून गरगरीत दिसतात, बोटं थरथरतात. असा इग्वाना धरला तर हलत नाही, कारण हलताना दुखतं. मांड्या बघून लोकांना वाटतं, छान बाळसं धरलंय. तुझ्या पिल्लाचा जबडा, पाठीचा कणा आणि मांड्या आजच नीट बघ. जरा शंका आली तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे ने, माणसाळवणं नंतर.

आता पिंजरा. तू फोटो पाठवलास त्यात काचेची टाकी जमिनीवर आहे आणि शेजारी टीव्ही. झाडावरच्या प्राण्याला जमिनीवर ठेवलं आणि घरातले सगळे त्याच्या डोक्यावरून ये-जा करायला लागले, तर तो दिवसभर दबकलेलाच राहणार. पिंजरा टेबलावर घे किंवा उभा बनवून घे, आणि त्याची बसायची आडवी फांदी तुझ्या डोळ्यांच्या पातळीला किंवा थोडी वर येऊ दे. एवढ्याने अर्धी भीती जाते. मागची आणि एका बाजूची काच कागद लावून बंद कर. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की त्याला वाटतं दुसरा इग्वाना आलाय, आणि मग तो डोकं हलवून हलवून दमतो. झाकण वरून उघडणारं नको, दार समोरून हवं. लक्ष्मीपुरीतल्या एखाद्या सुताराकडून किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडून लाकडी चौकट आणि जाळीचा पिंजरा करून घेतलास तरी चालेल. फक्त जाळी प्लॅस्टिकचा लेप असलेली घे, नाहीतर नाक घासून घासून सोलतं. आणि मोठाच कर. हे पिल्लू पाच फुटांच्या आसपास जाणार आहे, नर असेल तर आणखी. पूर्ण वाढलेल्याला जवळपास एका छोट्या खोलीएवढी जागा लागते आणि तो पंधरा-वीस वर्षं जगू शकतो. तुझं शिक्षण, नोकरी, लग्न या सगळ्यात तो असणार आहे. हे घरच्यांशी आत्ताच बोलून घे.

दिव्यांचं एक सांगते. यूव्हीबीची नळी रोज बारा तास, आणि दिसायला उजेड चांगला असला तरी सहा ते बारा महिन्यांनी बदलायची, कारण उजेड राहतो आणि कामाचे किरण संपतात. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा या बाबतीत उपयोग नाही, काच ते किरण अडवते. रात्री ऊब द्यायची तर सिरॅमिक हीटर वापर, लाल दिवा नको. गरम होणारे दगड मिळतात ते अजिबात नकोत. पोटाला भाजतं आणि त्याला कळत नाही. फांदीवर, दिव्याच्या खाली थर्मामीटर ठेवून दुपारी आकडा बघ. अंदाजाने काही करू नको.

हे सगळं मार्गी लागलं की दोन आठवडे त्याला हात लावायचा नाही. फक्त खाणं ठेवायचं, पाणी बदलायचं, घाण काढायची. आपल्याकडे तालमीत नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी जोडीला उतरवत नाही. आधी माती खोदायला लावतो, पाणी मारायला लावतो, पोरगं त्या मातीला आणि वासाला रुळू देतो. तेच इथे. या दोन आठवड्यांत तुझं काम म्हणजे त्याच खोलीत बसणं. अभ्यास कर, मोठ्याने वाच, फोनवर बोल. त्याच्याकडे टक लावून बघू नको, कारण रोखून बघणं हे शिकाऱ्याचं लक्षण. तुझा एक वापरलेला, न धुतलेला टी-शर्ट पिंजऱ्यात फांदीवर टाक. त्याच्या टाळूत वास ओळखणारं एक इंद्रिय असतं. जिभेने तो हवेतले आणि वस्तूंवरचे कण उचलतो आणि तिथे नेतो. तुझा वास त्याला रोज भेटू दे, आणि तो वास आला म्हणून कुणी पकडत नाही हे कळू दे.

हातमोजे मला म्हणूनही नको वाटतात. त्यांना तुझा वास नाही आणि तुलाही त्याच्या अंगातला ताण जाणवत नाही. उघड्या तळहाताला त्याचे स्नायू आवळलेत की सैल आहेत हे लगेच कळतं. ओरखड्यांची भीती वाटत असेल तर लांब बाह्यांचा जाड शर्ट घाल.

मग हात. खाणं ठेवल्यावर हात लगेच बाहेर काढू नको, पिंजऱ्याच्या तळाशी, त्याच्यापासून लांब, तळवा वर करून नुसता ठेव. पाच-दहा मिनिटं. हात हलवायचा नाही, त्याच्याकडे न्यायचा नाही. तो पळून कोपऱ्यात जाईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, शक्यतो त्याच वेळेला, सकाळी दिवा लागून तासभर झाल्यावर. तेव्हा तो ऊब घेऊन ताजा असतो आणि भुकेलाही. रात्री झोपल्यावर त्याला कधीही उठवू नको. हे कंटाळवाणं आहे, मला माहीत आहे. पण याच कंटाळवाण्या दिवसांत तुझा हात त्याच्यासाठी फांदीइतका साधा होतो.

मग जास्वंद. तांबडी जास्वंद बहुतेक इग्वानांना वेड लावते आणि आपल्याकडे प्रत्येक दुसऱ्या दारात ती असते. फक्त औषध न मारलेली घे. देठ लांब ठेवून फूल त्याच्या नाकासमोर, बाजूने धर. बोटात चिमटीत धरलेला छोटा तुकडा देऊ नको. तो रंगावर झडप घालतो आणि त्याचे दात करवतीसारखे असतात, चुकून बोट आलं तर खोल चिरतं. पहिल्यांदा तो बघत राहील, घेणार नाही. फूल तिथेच ठेवून निघून ये. एके दिवशी घेईल. रोजचं सगळं खाणं मात्र हातानेच देऊ नको, नाहीतर तू दोन दिवस गावाला गेलास की तो उपाशी बसेल.

एक क्षण असा येतो ज्यासाठी मी हे सगळं करते. माझ्याकडे एक मादी होती, लोकांनी धरून धरून पार घाबरवलेली. हात ठेवून मी बसायचे, ती फांदीच्या टोकावरून बघायची. एका सकाळी ती खाली उतरली. बोटापर्यंत आली, थांबली. जिभेचं टोक बाहेर आलं, नखाला लागलं, आत गेलं. परत बाहेर आलं, या वेळी मनगटावर. मग एक पुढचा पाय उचलून तिने माझ्या अंगठ्यावर ठेवला आणि तशीच थांबली, जणू अंगठा काही करतो का ते बघत. अंगठ्याने काही केलं नाही. मग दुसरा पाय. पोटाचा उबदार भार तळहातावर आला तेव्हा तिचे दोन्ही डोळे उघडे होते आणि श्वास संथ. मी तिला उचललं नाही. पुढचे बरेच दिवस उचललं नाही. ती यायची, बसायची, जायची. जाता येतं हे तिला पक्कं कळल्यावरच ती राहायला लागली.

स्वतःहून हातावर येऊ लागला की उचलायला शीक. समोरून किंवा बाजूने, खालून हात घाल. छातीखाली तळवा, मागच्या पायांखाली मनगट, चारही पाय टेकलेले. एकही पाय लोंबकळला तर त्याला पडतोय असं वाटतं आणि तो झटका मारतो. शेपूट कधीच धरायची नाही. ती तुटते, तुटल्यावर वळवळते आणि परत येते ती काळपट, पट्टे नसलेली. कपड्यात नखं रुतली असतील तर ओढू नको, एकेक बोट मागून पुढे ढकलून सोडव. ओढल्याने नख मुळापासून निघतं. डोक्यावरून हात फिरवायचा मोह होईल. तो तिसरा डोळा तिथेच आहे, म्हणून सुरुवातीला खांद्याच्या बाजूला किंवा गळ्याखाली हळू स्पर्श कर.

आता नेहमी विचारला जाणारा पेच. फटका मारल्यावर लगेच ठेवून दिला तर तो शिकतो की फटका मारला की सुटका होते. न ठेवता धरून ठेवला तर परत तेच जुलमाचं. माझं मत स्पष्ट आहे, फटक्यापर्यंत वेळच येऊ द्यायची नाही. फटक्याच्या आधी तो भरपूर सांगत असतो. अंग बाजूने चपटं करतो म्हणजे मोठा दिसावा, गळ्याखालची कातडी ताणून खाली सोडतो, रंग गडद होतो, शेपटीचं टोक वळवळतं, तोंड उघडून फुस्स करतो. यातलं पहिलं चिन्ह दिसताच हात जिथे आहे तिथे थांबव. मागे घेऊ नको, पुढे नेऊ नको. अंग सैल झालं की सावकाश बाहेर काढ आणि त्या दिवसाचं तिथेच संपव. म्हणजे त्याला कळतं की नुसतं सांगितलं तरी हा माणूस ऐकतो. ज्या इग्वानाचं ऐकलं जातं त्याला फटका मारायची गरज हळूहळू उरत नाही. तरीही कधी फटका बसलाच, तर दचकून सोडून देऊ नको. थांब, श्वास घे, तो निवळला की ठेव. चावलाच तर हात ओढू नको, ओढल्याने जखम चिरत जाते.

नाकातून फुस्स करून पाण्याचे थेंब उडवतो आणि काचेवर पांढरे डाग पडतात, असंही तू लिहिलंयस. तो राग नाही आणि सर्दीही नाही. अंगातलं जादा मीठ तो नाकावाटे बाहेर टाकतो. काच पुस आणि विसरून जा.

लळा लागेल का? कुत्र्यासारखा दारात धावत येणार नाही. पण रोजचा माणूस आणि परका माणूस यात तो नक्की फरक करतो. माझ्याकडचे घरात पाहुणे आले की फांदीच्या मागच्या बाजूला सरकतात आणि मी एकटी गेले की पुढे येतात. तुझ्या मांडीवर येईल, कारण मांडी उबदार आहे. त्यात कमीपणा मानू नको. जगात ऊब देणाऱ्या कितीतरी जागा असताना त्याने तुझी निवडली, आणि तिथे डोळे उघडे ठेवून बसला, यापेक्षा मोठी पावती सरपटणारा प्राणी देत नाही. याला किती वेळ लागेल? काही पिल्लं दोन-तीन महिन्यांत येतात, काहींना वर्ष लागतं, आणि ज्यांना आधी दाबून धरलं गेलंय त्यांना त्याहून जास्त. तुझी वेळ अजून गेलेली नाही.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे पुढे खचणार नाहीस. नर असेल तर वयात आल्यावर विणीच्या हंगामात बदलतो. अंगावर केशरी छटा येते, डोकं जोरजोरात हलवतो, खाणं कमी होतं आणि कालपर्यंत मांडीवर बसणारा आज अंगावर धावून येतो. हे साधारण तीन महिने चालतं. तुझं काही चुकलेलं नसतं आणि त्याला शिक्षाही करायची नसते. त्या काळात हाताळणं कमी कर, चेहरा त्याच्या जवळ नेऊ नको. ओसरलं की ओळख परत तिथूनच सुरू होते. मादीचं वेगळं आहे, ती नराशिवायही अंडी घालू शकते. तिला माती उकरायला खोल जागा लागते, नाहीतर अंडी पोटात अडकतात.

खाण्याबद्दल तू विचारलं नाहीस, पण त्याच्या स्वभावाचं अर्धं मूळ तिथे आहे. रोजचा मुख्य भाग पाल्याचा: शेवग्याचा पाला, तुतीची पानं, जास्वंदीची पानं, अधूनमधून कोथिंबीर आणि मेथी. कपिलतीर्थ मार्केटमध्ये शेवग्याचा पाला मिळाला नाही तर कुणाच्या तरी परसातून आण, कॅल्शियमसाठी त्याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही. तांबडा भोपळा, घेवडा किसून किंवा बारीक चिरून. पपई, अंजीर, आंबा अगदी थोडा, चवीपुरता. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. कोबी-फ्लॉवरही कधीतरीच. आणि अंडं, चिकन, मांजराचं खाणं, किडे यातलं काहीही नको. दुकानदार सांगतात की वाढ चांगली होते. वाढ होते आणि मग काही वर्षांत मूत्रपिंडं जातात. कॅल्शियमची पावडर पिल्लाच्या खाण्यावर भुरभुरायची, किती आणि कितीदा ते पशुवैद्याला विचारून ठरव.

दमटपणा सत्तर टक्क्यांच्या आसपास लागतो. पावसाळ्यात तो आपसूक मिळतो, पण एप्रिल-मे मध्ये दिवसातून दोन-तीनदा पाणी फवार. कोमट पाण्याच्या टबात पंधरा मिनिटं सोडलंस तर कात सुटायला मदत होते, आणि बहुतेक इग्वाना पाण्यातच शी करतात. रोज ठरल्या वेळी टब दिलास तर पिंजरा बराच स्वच्छ राहील. पाणी त्याच्या खांद्यापर्यंतच, आणि लक्ष ठेवून. टब वेगळा ठेव, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कधीही नाही.

वरचं हे सिंकचं वाक्य आज्जींसाठीही आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचा, माणसाला जुलाब-ताप आणणारा जंतू असू शकतो, प्राणी दिसायला ठणठणीत असला तरी. त्याला किंवा त्याच्या भांड्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवायचे, दरवेळी. पाच वर्षांखालची मुलं, गरोदर बाई आणि वयस्कर माणसं यांनी त्याला हाताळू नये. स्वयंपाकघरात, देवघरात त्याला सोडू नको. आज्जींना बळजबरीने दाखवायला नेऊ नको. तो बाहेर असताना दार बंद असेल, हा शब्द त्यांना दे आणि पाळ. माझा अनुभव असा की फुलं तोडून देण्यापासून सुरुवात केली की वडीलधारी माणसं हळूहळू दाराशी येऊन उभी राहतात. त्यांनाही त्यांच्या वेळेने येऊ दे.

रंकाळ्यावर खांद्यावर घेऊन फिरणं मला मान्य नाही. संध्याकाळी तिथे गर्दी, हॉर्न, कुत्री, फोटो काढायला धावणारी पोरं. एकदा दचकला की झाडावर, आणि मोठ्या झाडावर चढलेला इग्वाना परत मिळवणं फार कठीण. ऊन द्यायचं असेल तर सकाळी गच्चीवर जाळीच्या पिंजऱ्यात, अर्ध्यावर सावली धरून, तू शेजारी बसून. काचेची टाकी उन्हात कधीच ठेवू नको, मिनिटांत भट्टी होते. वर घारी असतातच, त्या दिसल्या की तो कसा चपटा होतो ते तिथे तुला स्वतःलाच दिसेल.

पावसाळ्याची तयारी वेगळी करून ठेव. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात कितीतरी घरांत दिवसेंदिवस वीज नव्हती. तुझी राजारामपुरी उंचावर असली तरी वीज सगळ्यांचीच जाते. थर्माकोलचा खोका, गरम पाण्याच्या बाटल्या, त्या गुंडाळायला फडकी आणि उचलून न्यायची वेळ आली तर एक जाड सुती उशीचा अभ्रा, एवढं एका जागी ठेव. अभ्र्यात, अंधारात तो शांत राहतो आणि शेपूट सुरक्षित राहते. पण हे त्याला आधी एक-दोनदा सवयीचं करून दे.

कागदाचं काम राहिलं असेल तर लगेच कर. हिरवा इग्वाना साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, परिशिष्ट दोनमध्ये आहे, म्हणून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर त्याची नोंद लागते. २०२४ च्या नियमांप्रमाणे प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची असते. तुला दोन महिने झालेत, म्हणजे मुदत गेली आहे. ज्याच्याकडून घेतलास त्याच्याकडून त्याच्या नोंदणीचा कागद माग आणि इथल्या वन विभागाच्या कार्यालयात जाऊन पुढे काय करायचं ते विचार. पुढे कुणाला दिलास, पिल्लं झाली किंवा तो गेला, तरी कळवावं लागतं. आणि तुझ्या मित्राला सांग, ज्याने पन्हाळ्याच्या बाजूने घोरपडीचं पिल्लू आणून देतो म्हटलंय. घोरपड याच अधिनियमाच्या अनुसूची एकमध्ये, म्हणजे सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत आहे. ती पकडणं, पाळणं हा गंभीर गुन्हा आहे, आणि रानातलं जनावर रानातच असावं.

आता आजपासून पंधरा दिवस हात लावू नको. पिंजरा उंचावर घेतलास की एक फोटो पाठव, आणि दुपारी तीन वाजता फांदीवर थर्मामीटर काय दाखवतो ते लिही. जबडा आणि मांड्यांचाही जवळून फोटो दे, पण त्याला न उचलता, तो बसला असेल तिथूनच काढ.